पलंगाखालची बाटली

"आईनंच रत्नाला मारली म्हनत्यात," घोटावड्याचा जयसिंग सांगत होता. "डाक्टर उद्या फौजदाराकडं लिहून देनार हाय."

पौडचे हाफीजभाई खासगी तपास करीत आणि वाल्मीक मास्तर त्यांच्यासोबत हिंडत. म्हातारीनंच घोळ केला असणार, हे मास्तरांनी ऐकताक्षणी ठरवून टाकलं.

जयसिंगच्या बहिणीच्या पित्तनळीत खडा अडकून मागं पू झाला होता. डॉक्टरांनी तातडीनं पोट उघडून खडा काढला आणि आत रबरी नळी ठेवली. तिच्यातून घाण पलंगाखालच्या बाटलीत उतरत होती. तिसऱ्या दिवशी रत्नाला हुडहुडी भरली, चौथ्या दिवशी ती गेली.

"पोर थंडीनं कापाया लागली," रत्नाची आई धोंडाबाई भिंतीकडं बघत म्हणाली. "दिवेलागणीला काविळीचा पाला वाटून पाजला. मीच मारली तिला."

डॉक्टर तावातावानं बोलले. "अडाणी लोक चोरून पाला पाजतात आणि बदनाम आम्ही होतो. हा फोटो पाहा. तिसऱ्याच दिवशी अकराला मंत्री आले होते. वॉर्ड कसा लख्ख आहे."

फोटोत रत्नाच्या पलंगाखाली फरशी चकचकत होती.

सिस्टरनं मुकाट्यानं तापाचा कागद पुढं केला. दोन वाजता थंडी, ताप एकशे चार. बाटलीच्या रकान्यात अकरा ते सहा काहीच नव्हतं.

हाफीजभाईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं.

"मास्तर, थंडी दोनला, पाला दिवेलागणीला. मग पाल्यानं ताप आला कसा?"

मास्तरांची मान खाली गेली.

"आता फोटो. पलंगाखाली बाटली कुठाय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी फोटो उलटा करून ठेवला.

"मंत्र्यांना घाण दिसू नये म्हणून बाटली हलवली आणि नळी बांधून चादरीखाली सारली. सात तास पू आत तुंबला आणि रक्तात भिनला."

"साहेबांनीच बांधायला लावली," सिस्टर म्हणाली. "सोडू का, दोनदा विचारलं. ते पाहुण्यांबरोबर जेवत होते. नंतर, म्हणाले."

"गडबडीत राहून गेलं," डॉक्टर पुटपुटले.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राहून गेलं? आणि खापर हिच्या माथी फोडलंत? लाज वाटत नाही?"

"फौजदाराकडं आता मी लिहून देतो," हाफीजभाई म्हणाले.

धोंडाबाईनं हळूच विचारलं, "म्हंजी मी न्हाई मारली?"

"न्हाई, धोंडाबाई."

मग ती खाली बसली आणि रत्ना गेल्यापासून पहिल्यांदा लेकीसाठी रडली.