अधिकार देण्याचा अधिकार

“चोर सापडलाय, बाई. फक्त तिच्या तोंडून कबुली काढून द्या,” खुर्चीत टेकायच्या आधीच संगणकप्रमुख म्हणाले.

बाई खासगी तपास करायच्या. त्यांचे यजमान चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून बायकोच्या तपासात लुडबूड करणं हाच त्यांचा उद्योग. त्यांनी लगेच कान टवकारले.

प्रकरण इस्पितळातलं होतं. तिथल्या मुख्य सर्जनना सगळे ‘मोठ्या डॉक्टर’ म्हणत. आपला हात थरथरतो, बोटं ऐकत नाहीत, असं त्यांनी एका मित्राला मेलमध्ये लिहिलं होतं. सोमवारी दुपारी कुणीतरी त्यांचा पासवर्ड बदलून खात्यात शिरलं आणि तो मेल झाडून सगळ्या कर्मचाऱ्यांना धाडला.

“पासवर्ड कुणी बदलला, हे कळत नाही?” बाईंनी विचारलं.

“ती नोंद ठेवायची सोय मी सुरूच केली नव्हती,” प्रमुख पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. “पण विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचं काम काउंटरवरच्या बाईकडे आहे. दुसरं कोण असणार? मी तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो. परत आल्याबरोबर सगळ्यांदेखत तिला घरी पाठवलं.”

“आणखी कुणाला काय अधिकार दिलेत?”

“आस्थापनावाले खाती उघडतात, बंद करतात. आमचे जावई मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली धाकटे डॉक्टर आहेत, ते शिकाऊ डॉक्टरांची खाती बघतात. कुणाला कोणता अधिकार द्यायचा, हे मात्र फक्त सर्वाधिकारीच ठरवू शकतो. आणि तो एकटा मी.”

मास्तरांना सगळं पटलं. पासवर्ड जिच्या हातात, चोरी तिचीच.

इस्पितळात मोठ्या डॉक्टर दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून बसल्या होत्या.

“ऑपरेशनं मी केव्हाच थांबवली होती. कारण सांगायचं धाडस होत नव्हतं, एवढंच. आता जो येतो तो आधी माझ्या हातांकडे बघतो.”

“तुमच्या खात्याला काही खास अधिकार?”

“विभागप्रमुख म्हणून मलाही कसलंसं ॲडमिन करून ठेवलंय. कधी वापरलं नाही बाई.”

काउंटरवरची बाई फाटकाबाहेरच्या बाकावर भेटली. आत यायची तिची तयारी नव्हती.

“कबूल करून टाका, हलकं वाटेल,” मास्तर मोठ्या समजूतदारपणे म्हणाले.

“काय कबूल करू, काका?” तिचा आवाज चिरकला. “मोठ्या डॉक्टर मागे पासवर्ड विसरल्या होत्या. मी खूप खटपट केली, पण त्यांच्या नावासमोरचं बटण दाबलंच जाईना. शेवटी साहेबांकडे पाठवलं. हेच मी सांगत होते, तर साहेब ऐकून घेईनात.”

“थापा,” मास्तर बायकोच्या कानाशी लागले. ते तिला ऐकू गेलं. तिने मान फिरवली.

आस्थापनावाले गृहस्थ बोलघेवडे होते. “माझा हात साध्या खात्यांपुरता. ॲडमिन लोकांची खाती आम्हाला बंद. आणि तेवढा अधिकार तरी कसा मिळाला? साहेब रजेवर, नवी माणसं दारात ताटकळलेली. धाकट्या डॉक्टरांना साकडं घातलं, त्यांनी चहा संपायच्या आत मला अधिकार देऊन टाकला. देवमाणूस!”

देवमाणूस मात्र घाईत होते. “मला त्यातलं काय कळतं? शिकाऊ मुलांची खाती उघडतो, बस्स. मोठ्या डॉक्टरांचं वाईट वाटतं. विभाग आता मलाच सांभाळावा लागणार.”

“प्रमुखच चोर,” बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले.

“अहो, दाताच्या डॉक्टरला विचारलंय मी. ते खरंच आ वासून बसले होते.”

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जमवलं. काउंटरवरची बाई आली नाही. तिची परवानगी घेऊन बाईंनी प्रमुखांना तिच्या खात्यातून मोठ्या डॉक्टरांचा पासवर्ड बदलायला सांगितलं.

बटण फिकटच राहिलं. प्रमुखांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

“नाही बदलणार,” बाई म्हणाल्या. “तिला दिलेली भूमिका, म्हणजे तिचे अधिकार, साध्या खात्यांपुरते. मोठ्या डॉक्टर स्वतः ॲडमिन. आस्थापनावाल्यांचंही तेच. ॲडमिनचा पासवर्ड बदलणं हे सर्वाधिकाऱ्याचंच काम. तुम्ही तर इथे नव्हता. मग दुसरा सर्वाधिकारी कोण? अधिकार फक्त सर्वाधिकारीच देऊ शकतो, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही रजेवर असताना आस्थापनावाल्यांना अधिकार दिला कुणी?”

आस्थापनावाल्यांनी धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“त्यांनी स्वतःहून सांगायलाच हवं होतं कधीतरी!” धाकटे डॉक्टर उसळून म्हणाले. “मी किती वर्षं दुसऱ्या नंबरावर राहायचं?”

प्रमुखांनी जावयाकडे पाठ फिरवली.

“एका विभागापुरती खाती सांभाळायची भूमिका होती यादीत,” ते म्हणाले. “वाचायचा कंटाळा केला. घरचा माणूस, म्हटलं सगळंच देऊन टाकू, दरवेळी विचारायला नको. परत काढून घ्यायचं राहूनच गेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं, पण लाज वाटली. आणि जावयावर संशय घ्यायचा तरी कसा?”

“तिच्यावर घेतलात की,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रमुख काउंटरवरच्या बाईच्या घरी गेले. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मास्तरांना सोबत नेलं. मास्तरांनाही जायचंच होतं. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. तिच्या मागे तिची कॉलेजात जाणारी मुलगी उभी होती.

प्रमुखांनी हात जोडले. “ताई, चूक माझी होती. तुम्ही...”

“मला काय सांगताय, साहेब? मी काही केलं नाही, हे मला ठाऊकच होतं,” ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. “हिला सांगा. काल जेवताना विचारत होती, आई, खरंच तू नाही ना केलंस?”

मुलीची मान खाली गेली. मास्तर पुढे झाले, घसा खाकरला, आणि आधी स्वतःच त्या पोरीची माफी मागू लागले.