सुंदरबाईचा काँप्युटर

सरका रे जवळ, आणि तो मोबाईल ठेव बाजूला. शिरपूरचा प्रेमराज, काँप्युटर दुरुस्त करणारा, माझ्या मित्राचा मुलगा. त्याच्यावर बेतलेली ही गोष्ट आहे. भुताचं नाव काढलं की फिदीफिदी हसायचा पोरगा. आता हसत नाही.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आदल्या रात्री, बीजेची चंद्रकोर केव्हाच बुडाली होती. प्रेमराज दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून सुंदरबाईचा फोन आला. काँप्युटर गाणं वाजता वाजता बंद पडला होता, आता चालूच होत नव्हता.

"उद्या सकाळी येतो, मावशी."

"सकायले उशीर हुई जाई, भाऊ," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग काय, याने गाडीला किक मारली.

सुंदरबाईचा नवरा कधीच गेलेला. एकुलती एक पोर दिपमाला, जळगावला दिलेली, ती बाळंतपणात गेली. अजून वर्षही झालं नव्हतं. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आखाजीला गेलेल्या माणसासाठी घागर भरतात. पण लग्न झालेल्या पोरीची घागर भरायची ती सासरी. माहेरी आईने तिच्या नावाचं पाणीसुद्धा ठेवायचं नाही.

"गावन्या बठ्ठ्या पोरी उद्या माहेरले येतीन," तो पोहोचताच सुंदरबाई म्हणाली. "मनी पोर पाणी पेवाले जळगावले जाई. मन्याकडे तिन्हं काय शे? कॉलेजमा व्हती तवय तिनी यामा गौराईनं गानं भरेल शे. तेवढं उद्या वाजाले जोयजे, भाऊ. वाट चुकीसन उनी तर..."

प्रेमराजने काँप्युटरचा डबा उघडला. धूळ झटकली. रॅम काढून खोडरबराने घासली. सोबत आणलेला पॉवर सप्लाय लावून पाहिला. पंखा फिरायचा, पडद्यावर निळं यायचं आणि सगळं गप्प. मग त्याने कान लावला. आत हार्ड डिस्क खट्... खट्... करत होती. असा आवाज आला की डिस्क गेली म्हणून समजायचं, आणि गाणं त्या डिस्कमध्येच होतं.

"हे दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलंय का, मावशी?"

"माले काय समजस, भाऊ?"

त्याने डिस्क काढून खाटेवर ठेवली. वायर काढून गुंडाळायला घेतली. "नाही हो निघणार आता काही," म्हणाला. बाई ओरडली नाही. "चहा मांडस," एवढंच बोलली आणि मागच्या दारी चुलीकडे गेली. तिथे ती तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि याला ते आत ऐकू येत होतं. मला विचाराल तर त्याहून वाईट आवाज जगात नाही.

आणि पंखा फिरला.

प्रेमराजने पाहिलं. वायर त्याच्या हातात. डिस्क खाटेवर.

पडदा उजळला... त्यावर काही नाही. नुसता उजेड. आणि गाणं. पोरीचा आवाज. कोवळा, जरासा बेसूर.

त्याला हाक मारायची होती. मावशी, या. या ना लवकर. पण जीभ हलेना.

गाणं मध्येच थांबलं.

"माय कोठे शे?"

...

"भाऊ... मनी माय कोठे शे?"

चुलीवर चहा उकळत होता. बाकी काही नाही. तिकडे कोणीतरी वाट पाहत होतं, हे त्याला कळत होतं... मग पडदा विझला.

सुंदरबाई कप घेऊन आली. त्याचा चेहरा पाहिला. कप खाली ठेवला.

"उनी व्हती?"

त्याने मान डोलावली.

"माले इचारं का तिनी?"

"हो."

"अन् तू काय सांगं?"

तो ओंजळीत तोंड धरून रडत बसला.

ती काँप्युटरपुढे बसली. "दिपा, मी आठेच शे वं. बोल ना." रात्रभर असंच. पोटच्या पोरीला कोणी किती विनवावं? पण पुन्हा एक शब्द आला नाही.

पहाटे तिचा हात माऊसवर पडला आणि तिने तो चटकन उचलला. माऊस ओला होता. त्यावर हिरवी मेंदी होती, नुकतीच भिजवलेली. त्या घरात त्या साली कोण मेंदी आणणार? आखाजीला माहेरी आलेल्या पोरी लावतात, तशी ती मेंदी सुंदरबाईच्या तळहाताला लागली. तिने पुसली नाही. मूठ मिटून घेतली.

मेंदी टिकून टिकून किती टिकेल? प्रेमराज परवाच तिला भेटून आला. बाई भांडी घासते, शेणाने सारवते, कापूस वेचते. त्याच्यासमोर तिने मूठ उघडली. वर्ष उलटून गेलंय... रंग तसाच आहे. लालभडक.