परत करायच्या बोलीवर

ठकू लाकूड कातायच्या दुकानात शिरली ती एक गोल, जड पोलादी प्लेट पोटाशी धरून. लेथवर वाकलेल्या तरुण काताऱ्याने मान वर केली. लाकडाचा एक कुरळा, सोनेरी काप त्याच्या केसांत अडकला होता... तो आपण काढावा, असं ठकूला उगाचच वाटून गेलं.

"या प्लेटच्या भोकात नेमकी बसेल अशी खुंटी हवी," ती म्हणाली. "टोकाला बारीक."

"भोवरा करताय?"

"क्लच बदलतेय. माझ्या गाडीचा. म्हणजे – अजून माझी नाही."

मग तिने सगळं सांगितलं. गाडी आत्याची, जुनी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. आत्याचे गुडघे आता साथ देत नव्हते. जी स्वतःच्या हाताने क्लच बदलेल तिची गाडी, असं तिने भाचीला बजावलं होतं. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येणारच होतं. ही खुंटी प्लेट बरोबर मधोमध धरून ठेवते. प्लेट केसभर जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही.

लेथ फिरू लागला. खुंटी तयार झाल्यावर काताऱ्याने ती प्लेटमध्ये बसवली आणि दोन्ही हातांनी ठकूपुढे धरली.

"विकत नाही हं. परत करायच्या बोलीवर."

"ते का?"

"परत न्यायला येता येईल... म्हणून."

ठकूने प्लेट घेतली, आणि घरी जाऊन, होती तशीच्या तशी बसवली.

क्लच म्हणजे काय, तर इंजिन आणि चाकं यांचं हात धरणं आणि सोडणं. पेडल दाबलं की हात सुटतो, गिअर पडतो. पेडल सोडलं की हात पुन्हा हातात. एवढं साधं. पण तिथे पोचायला गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून, खाली पाठीवर झोपून, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

शनिवारी सकाळी कातारी खुंटी न्यायला हजर झाला. आत्या दारात खुर्ची टाकून बसलीच होती. ठकूने गाडीखालूनच सांगितलं की काम अजून संपलेलं नाही, थांबायचं तर दिवा धरून थांबा, पण पान्याला हात लावायचा नाही. त्याने मुकाट्याने दिवा धरला. दुपारपर्यंत गिअरबॉक्स लोण्यात सुरी जावी तसा जागेवर गेला. ठकूची मान अभिमानाने ताठ झाली.

इंजिन सुरू झालं. तिने पेडल दाबलं, गिअर टाकला – खर्रर्र. पुन्हा दाबलं. पुन्हा खर्रर्र. हात सुटतच नव्हता.

काताऱ्याचा चेहरा उतरला. "माझी खुंटी वाकडी निघाली असणार," तो हळूच म्हणाला.

ठकू गप्प बसली असती तर दोष खुंटीवर गेला असता.  पण ती पुन्हा गाडीखाली शिरली आणि एकेक बोल्ट काढत तिने गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवला. प्लेट हातात आली, तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"खुंटी सरळ आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "प्लेट उलटी बसलीय. खुंटी तिच्यात उलट्या बाजूने घातली होती, आणि मी ती तशीच बसवली."

"त्याला बिचाऱ्याला काय कळतंय," आत्या म्हणाली. "तुला शिकवलं होतं ना, आधी बाजू बघायची?"

"प्लेट घेताना बघत नव्हते."

"दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासतेस. मग तुझी कुठे होती?"

ठकूच्या गालावर ग्रीसचा पट्टा होता. तिने हनुवटी वर केली.

"यांच्याकडे," ती म्हणाली.

दिव्याचा उजेड भिंतभर थरथरला.

"दिवा नीट धरा," ठकू म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली गेली.

रविवारी गिऱ्हाईक फाटकाशी आलं, तेव्हा आत्या ठकूच्या शेजारी बसून एक फेरी मारून आली होती. गिअर असा पडला होता की आवाजसुद्धा नाही. गाडीला मालकीण मिळाली, असं सांगून तिने त्या माणसाला वाटेला लावलं. वर, भाचीने क्लच एकदा नव्हे, दोनदा बसवला, हेही छाती फुगवून ऐकवलं. मग किल्ली ठकूच्या तळहातावर ठेवली आणि बराच वेळ तो हात सोडलाच नाही.

कातारी मागे उभा होता. "आता खुंटी...?"

ठकूने ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला. "पुढच्या क्लचला लागेल."

"क्लच किती टिकतो?"

"नीट चालवली तर... पुष्कळ वर्षं."

"मग तोवर मला रोज खुंटी मागायला यावं लागेल."

ठकूने हात लांब करून त्याच्या केसांत आजही अडकलेला लाकडाचा काप अलगद काढला, आणि पलीकडचं दार उघडलं.

"रोज ये," ती म्हणाली. "बस आता."