फोटोपुरती पाटी

विद्यापीठात तिला सगळे पाटीवाली म्हणत. देणगी विभागातलं तिचं खरं पद लांबलचक होतं, पण काम एकच. कुणी बाक दिला, पाण्याचा कूलर दिला, वसतिगृहाला गाद्या दिल्या, की पितळी पाटीचा मजकूर तिनं करायचा, पाटी लागली की फोटो काढायचा आणि आभाराच्या पत्रासोबत देणाऱ्याला पाठवायचा. फोटो गेल्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नसत. तिच्या सहा वर्षांत गळकी प्रयोगशाळा कोरडी झाली होती, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना प्रत्येक इमारतीत उतरण मिळाली होती, न दिसणाऱ्या मुलांसाठी बोलती पुस्तकं आली होती. सगळं लोकांनी दिलेल्यातून. तिला या कामाचा अभिमान होता, आणि म्हणूनच ती एक खोली तिच्या जिवाला लागून राहिली.

शिवणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तिला सातवा महिना होता. बाईंनी आधी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"उशी घे गं पाठीला. अशी ताठ बसतेस, बाळ काय म्हणेल?"

जन्मभर लोकांचे कपडे शिवून मागे टाकलेलं सगळं त्या द्यायला आल्या होत्या. अट एकच होती.

"माझी लेक इथंच शिकायची. पोर तान्हं. ग्रंथालयाच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून पाजायची, आणि येणारेजाणारे हसायचे. शेवटच्या वर्षाला कंटाळून सोडलं तिनं. आता ती नाही." बाई थांबल्या. "मला एक खोली पाहिजे. दार असलेली. माझं नाव नको, तिचंही नको. फक्त लिहा, बाळ घेऊन आलेल्या मुलींसाठी."

मजकूर तिनं तिथल्या तिथे केला. बाईंनी दोनदा वाचून घेतला.

बाळंतपणाची रजा संपवून, चार महिन्यांच्या लेकीला सासूबाईंच्या हवाली करून ती परत आली, तेव्हा ग्रंथालयाचा नवा भाग उभा होता. जिन्याशेजारची ती खोलीही होती. पण आत मोडकी टेबलं, पाय वर करून, छतापर्यंत रचलेली.

"अहो, पुढच्या सत्रात करू रिकामी," विभागाचे साहेब म्हणाले. "अहवाल छापायला चाललाय. पाटी लावा, फोटो काढा, वेळ मारून न्या. म्हातारी काय मोजपट्टी घेऊन येणार आहे?"

शिपाईमामांनी चार स्क्रू पिळले. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि म्हणाली, "मामा, दार नीट ओढून घ्या. टेबलांचे पाय दिसतायत."

साहेबांनी सांगितलं हे खरं, पण हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. पुढे कितीदा तरी, लेकीला थोपटताना, ते तिला आठवायचं.

दहा मिनिटांनी पाटी उतरवली, नाहीतर कुणी खोली मागितली असती. दाराला कुलूप लागलं. त्या दुपारी नेहमीप्रमाणे ती स्वच्छतागृहात गेली आणि बेसिनपाशी उभी राहून, दाराकडे पाठ करून, तिनं बाटलीत दूध काढलं. आरशात बघायचं मात्र टाळलं.

फोटो पोचल्याचा शिवणबाईंचा फोन आला. "सगळ्या आळीला दाखवला. पोरी, तू माझ्या लेकीचं काम केलंस."

सत्र सुरू झालं आणि पंधरवड्यात पहिली चिठ्ठी आली.

ग्रंथालयात अभिप्रायाची पेटी होती. सोयी वापरणाऱ्यांनी लिहिलेलं चांगलं काही निघालं की ग्रंथपालबाई तिच्याकडे पाठवत, ते पुढे देणगीदाराला जाई. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'जिन्याजवळच्या खोलीबद्दल आभार. खुर्ची बुटकी आहे ते बरं, पाय टेकतात. खिडकीतून ऊन येतं, बाळ लगेच झोपतं.'

त्या खोलीला खिडकी नव्हती. खुर्चीही नव्हती.

तिला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. पण पुढच्या आठवड्यात आणखी दोन आल्या. महिनाअखेर नऊ झाल्या. अक्षर प्रत्येकीचं वेगळं, शाई वेगळी. एक तर अशा कागदावर, जसा तिच्या लहानपणी वह्यांना असायचा. 'दाराला आतून कडी आहे याचं किती बरं वाटतं,' एवढंच त्यात होतं.

तिनं जाऊन कुलूप पाहिलं. गंजायला लागलं होतं.

चिठ्ठ्या फाडाव्यात की ठेवाव्यात? शेवटी तिनं त्या रिवाजाप्रमाणे शिवणबाईंना पाठवून दिल्या. म्हातारीला तेवढाच आनंद, असं मनाशी म्हटलं. एका खोट्यावर तिनं दुसरं रचलं, टेबलांसारखंच.

चिठ्ठ्या वाचून शिवणबाई स्वतःच आल्या. न कळवता, सकाळी अकराला, काठी टेकत.

"एकदा डोळ्यांनी बघते. डोळे कुठं उरलेत म्हणा, पण बघते."

जिन्यापर्यंतच्या वाटेवर तिनं सगळं मनात जुळवलं. सांगून टाकायचं. पाया पडायचं. कोपऱ्यावर ती थांबली. "बाई, मला तुम्हाला काहीतरी..."

पण बाई पुढे गेल्या होत्या. त्यांनी बोटाच्या पेरानं दारावर हलकेच टकटक केलं.

आतून हळू, थकलेला, तरुण आवाज आला. "एक मिनिट हं. आत्ताच डोळा लागलाय."

कुलूप बाहेरून तसंच लटकत होतं. बाईंच्या कमी दिसणाऱ्या डोळ्यांना ते दिसलं नाही.

"असू दे गं बाळा," त्या दाराला म्हणाल्या. "मी काही तपासायला नाही आले. झोपू दे."

मग वळल्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जणू कुणी इस्त्री करून काढल्या होत्या. "तू काय सांगत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली.

त्यांना रिक्षात बसवून ती धावत परत आली. कुलूप उघडलं. टेबलं छतापर्यंत. दोन पायांच्या मधलं कोळ्याचं जाळंसुद्धा अखंड होतं.

थंडीत शिवणबाई गेल्या. त्यांच्या पुतणीचा फोन आला. खरं ऐकणारं माणूसच आता उरलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं पाटी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "खोली रिकामी करा, नाहीतर मी अहवालातल्या प्रत्येक देणगीदाराला पत्र लिहिते. खरं पत्र."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आत्ताच आलंय."

आठवड्यात खोली रिकामी झाली. भिंतींना रंग लागला. बुटकी खुर्ची तिनं स्वतः निवडून आणली. पाटी जुन्याच चार भोकांवर बसली. तिनं फोटो काढला, दार सताड उघडं ठेवून. पाठवायला कुणी नव्हतं, तरी काढला.

चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

महिनाभरानं पाहिलं तर खुर्चीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. खोली कुणी वापरत नव्हतं. आणि एका दुपारी जिन्यात तिला एक विद्यार्थिनी दिसली, भिंतीकडे तोंड करून बसलेली. कोपराखालून बाळाची इवलीशी टाच तेवढी दिसत होती.

ती तिच्याजवळ जाऊन वाकली. "अगं, इथं का बसलीस? खोली आहे ना तुमच्यासाठी."

"आहे, पण भरलेली असते मॅडम. मी रोज दार ठोठावते. आत्ता नको म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मुलीनं खांदे उडवले. "मोठ्या वर्गातल्या असतील."

"चल माझ्याबरोबर." तिनं मुलीचा हात धरला आणि सरळ दार ढकललं. भर दुपारीही लावलेला पांढरा दिवा, कोरा रंग, मध्ये एक बुटकी खुर्ची. "बघ. कुणीसुद्धा नाही. बस आता निवांत."

मुलगी उंबऱ्यात थबकली. बाळाचं डोकं तिनं छातीशी घट्ट धरलं. डोळे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरले, मधेमधे थांबत, माणसं मोजताना फिरतात तसे.

"सॉरी हं," ती आत बघून पुटपुटली आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.

मग रागावून, पण अगदी दबक्या आवाजात पाटीवालीला म्हणाली, "असं काय करता मॅडम? पाय ठेवायला जागा नाही आत. आणि तुम्ही न विचारता दार उघडलंत. सगळ्याजणींनी एकदम तुमच्याकडे बघितलं."