सतरा-अठराचं पान

माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही. सरकारी कामकाज या श्रद्धेवर चालतं आणि हिंगोलीच्या औंढेकरांचं घरही चालत होतं. सून अनुश्री हिच्या जाड बांधणीच्या वहीत जे लिहिलं ते व्हायचं, जे लिहिलं नाही ते व्हायचं नाही. ही श्रद्धा शुक्रवारी सकाळी सव्वाअकरापर्यंत टिकली.

"मॅडम, तुमी आज काहून आल्या?" जिल्हा कार्यालयाच्या आस्थापना शाखेतले वैजनाथ चष्म्यावरून बघत म्हणाले.

"समुपदेशनाला. आज वीस तारीख."

"ते तर काल झालं. एक दिवस अलीकडं घेतलं सायबानं."

पदोन्नती देताना रिकाम्या जागांची यादी पुढ्यात ठेवतात आणि ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला जागा निवडायला लावतात, त्याला समुपदेशन म्हणतात. अनुश्री कनिष्ठ सहायक म्हणून अकरा वर्षं रोज हिंगोलीहून कळमनुरीला एसटीने जात होती. या यादीत हिंगोलीची जागा होती. तिची ज्येष्ठता त्या जागेला पुरेशी होती. गैरहजर राहणाऱ्याने पदोन्नती नाकारली असं समजण्यात येणार होतं.

"मला कुणी कळवलं नाही."

वैजनाथांनी रजिस्टर फिरवलं. 'दि. १७. भ्रमणध्वनी बंद. घरच्या क्रमांकावर कळविले.'

"कोणी घेतला फोन?"

"आता काय ध्यानात ऱ्हाऊन राहिलं? तीस फोन केले त्या दिवशी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हिंगोलीची जागा सायबानं सोमवारपर्यंत रोखलेली हाय. तुमाला निरोप पोचला न्हाई, असं कागदावर दाखवा. बराबर होऊन जाईल."

सतरा तारखेला, मंगळवारी, अनुश्री नांदेडला होती. सोमवार ते बुधवार प्रशिक्षण. तिथे मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायला लावत. वही तिने घरी ठेवली होती, कारण तिच्याविना घर तीन दिवस चाललं असतं, वहीविना चाललं नसतं.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून तिने वही उघडली. पानाच्या एका बाजूला एक तारीख. डावीकडे सोमवार, सोळा. उजवीकडे गुरुवार, एकोणीस.

मधलं एकच पान गेलं होतं. फाडलं होतं तेही पट्टी धरून, निगुतीने.

बुधवारी संध्याकाळी ती दमून आली, तेव्हा तिने वही चाळली होती. सोळाला काही निरोप नव्हता, पुढच्या पानावर गुरुवारची कामं होती. तीन दिवसांत कुणाला आपली आठवणही झाली नाही, हे तिला खरं वाटलं होतं, कारण ते खरं वाटण्यासारखं होतं.

आता तिने नीट पाहिलं. सोळाच्या पानावर लाल शाईचा पुसटसा ठसा होता, उलटी अक्षरं. एकोणीसच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, काळा डाग होता. तो गुरुवारीही दिसला होता. तिने त्याला मळ समजून थुंकी लावून पुसायचा प्रयत्न केला होता.

वहीत रंगांची वाटणी होती. निळा कार्यालयाचा, हिरवा जाईचा, लाल सासूबाईंचा, काळा नवऱ्याचा. लिहिणारा कोणीही असो, काम ज्याचं त्याचा रंग. फक्त लाल पेन सासूबाई स्वतः वापरत, दुसऱ्या पेनाला हात लावत नसत. अनुश्रीच्या स्वतःच्या कामांना पेन्सिल होती. ती खोडता येते.

घरी येऊन तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"आई, मंगळवारी माझ्या ऑफिसचा फोन आला होता?"

गंगूताई लसूण सोलत होत्या. "आला होता की."

"मग?"

"मग काय? लिहून ठेवलं वहीत. सतराच्या पानावर. एकोणीसला अकरा वाजता हजर व्हा म्हणून."

"मी रोज रात्री फोन करत होते. तेव्हा का नाही सांगितलं?"

गंगूताईंनी सुरी खाली ठेवली. "पहिल्या पानावर काय लिहून ठेवलंयस, वाच. 'तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.' मागं दुधवाल्याचा निरोप तोंडी दिला, तर तू मला अर्धा तास नियम समजावलास."

हे खरं होतं. अर्धा तास नव्हे, पण समजावला होता.

"ते पान फाडलंय कुणीतरी."

"म्हणजे मी?"

"तुम्हाला माझी बदली, पदोन्नती, कधीच—"

"अगं, मला तुझी नोकरी खुपत असती तर मी अख्खी वही चुलीत घातली असती. एक पान काहून फाडू? आणि फाडायचंच होतं तर लिहू कशाला?"

लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंचं म्हणणं तर्कशुद्ध निघालं होतं, आणि नेमकं आजच. सोळाच्या पानावरचा लाल ठसाही त्यांच्याच बाजूने बोलत होता. निरोप लिहिला होता आणि शाई ओली असतानाच वही मिटली होती.

"मिटली कोणी?"

"मीच. गोजरबाई फरशी पुसून राहिली होती, पाणी उडत होतं."

गोजरबाई मोरीत कपडे आपटत होत्या. मालकिणीचा चेहरा बघून त्यांनी आधीच सुरुवात केली.

"ताई, ते बनियन गुलाबी झालं ते माझ्यावर नका ढकलू. आधीच सांगून ठेवते."

"कुठलं बनियन?"

"सायबाचं. कालच्या धुण्यात कागदाचा लगदा निघाला की वो. लाल-काळा. समदं पाणी रंगलं."

"खिसे तपासत नाही का तुम्ही?"

"खिसे तपासायचं तुमच्या वहीत लिवलंय का? सांगा की. न्हाई ना? मग!"

जाई शाळेतून आली ती दप्तर फेकून थेट आतल्या खोलीत गेली. नववीतली मुलगी. दोन दिवस घुम्यासारखी होती. अनुश्रीने ते वय समजून सोडून दिलं होतं. आता तिने दार लावून घेतलं.

"तू माझ्या वहीतलं पान फाडलंस?"

"मला काय करायचंय तुझ्या वहीचं? एवढी वही वही करतेस, आणि माझी पालकसभा लिहायला विसरलीस. सगळ्यांचे आई नाहीतर बाबा आले. मी एकटी बाकावर बसले."

"मी विसरले? बुधवारी तीन वाजता. बाबा जाणार होते. मी स्वतः लिहिलं होतं."

"बाबा म्हणाले, वहीत नव्हतं."

अनुश्री तिच्याशेजारी बसली. मग तिने विचारलं, "कधी म्हणाले?"

"त्याच दिवशी. मी शाळेतून आल्या आल्या."

अनिरुद्ध एका खासगी महाविद्यालयात शिकवत. घरात शांत माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, कारण त्यांना कुणी काही विचारत नसे. संध्याकाळी चहा पुढे ठेवत अनुश्रीने विचारलं.

"अहो, मी नांदेडला असताना वही कुणी उघडली होती?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही?"

"मी तुझ्या वहीला हात लावत नाही. तीन दिवसांत एकदाही लावला नाही. तिची भीती वाटते मला." ते हसले. तिने फक्त साखर ढवळली.

रहस्य उलगडताना सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं. औंढेकरांच्या घरात सगळे एका खोलीत बसायचे तर पोहे करावे लागतात. शनिवारी सकाळी ते तिनेच केले.

"हे पान," ती उभ्यानेच म्हणाली, "सगळ्यांनी सतराचं पान समजलं. मीसुद्धा. माझा निरोप सतराला होता, म्हणून ज्याला माझी पदोन्नती नको त्यानेच फाडलं असणार. म्हणून मी आईंवर आळ घेतला."

"घेतलास," गंगूताई म्हणाल्या.

"माझं चुकलं. पानाला दोन बाजू असतात. पुढे सतरा, मागे अठरा. अठरासमोर एकोणीस येतं. त्या एकोणीसवर हा काळा डाग आहे. तो मळ नाही. अठराला वरच्या कोपऱ्यात काळ्या शाईने काहीतरी लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, रविवारी, घाईत, आणि शाई वाळायच्या आत वही मिटली. काळा रंग या घरात कुणाचा?"

जाईने बाबांकडे पाहिलं. अनिरुद्ध पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत होते.

"'जाईची पालकसभा, तीन वाजता, अनिरुद्ध.' बुधवारी जाईला तुम्ही सांगितलंत, वहीत नव्हतं. काल मला सांगितलंत, वहीला हात लावला नाही. वही उघडलीच नाही, तर तिच्यात काय नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"अनुश्री, पोरीसमोर—"

"पोरीसमोरच. गुरुवारच्या धुण्यात तुमच्या खिशातून लाल-काळा लगदा निघाला. काळी शाई तुमच्या पालकसभेची. लाल शाई माझ्या निरोपाची."

अनिरुद्धांनी चमचा खाली ठेवला.

"मागच्या सभेत," अनिरुद्ध शेवटी म्हणाले, "बाईंनी विचारलं, जाई कुठल्या तुकडीत आहे. मला सांगता येईना. मी अ म्हणालो. चार पालक हसले. त्यातले दोन माझे माजी विद्यार्थी."

"मी क मध्ये आहे," जाई म्हणाली. "पाचवीपासून."

"म्हणून नको वाटत होतं जायला. वहीत नसेल तर जायचं नसतं. तूच म्हणतेस." ते अनुश्रीकडे बघत नव्हते. "तुझा निरोप त्याच्या मागे आहे हे मला खरंच माहीत नव्हतं."

"उलटून बघितलं नाहीत?"

"नाही."

"पट्टी धरून फाडलंत. पट्टी शोधायला वेळ होता."

गंगूताई उठल्या. मुलापुढची ताटली त्यांनी उचलली, त्यात अर्धे पोहे होते, आणि आत नेऊन ठेवली. त्या घरात एवढी कडक शिक्षा त्यांनी आजवर कुणाला केली नव्हती.

अनुश्रीने कोरे कागद आणले. "लिहून द्या. सोमवारी अर्जाला जोडायचंय."

"काय लिहू?"

"जे केलंत ते."

त्यांनी लिहून दिलं. सुवाच्य अक्षर, खाली सही. गंगूताईंनीही लिहून दिलं: मंगळवार, दिनांक सतरा, फोन मी घेतला, वहीत नोंद केली, सुनेला तोंडी सांगितले नाही. त्यांनी न सांगता एक ओळ वाढवली, 'सून निर्दोष आहे.' ती वाचून अनुश्रीला स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नळ सोडून उभं राहावं लागलं.

सोमवारी साडेदहाला तिने अर्ज दिला. अर्जाला घटनाक्रमाचा तक्ता, दोन जबाब, सोळा आणि एकोणीसच्या पानांच्या छायाप्रती, ठशांभोवती गोल. वैजनाथांनी सगळं दोनदा वाचलं.

"मॅडम, तुमी पोलिसात पायजे होत्या. असा पुरावा मी नोकरीत पाह्यला न्हाई."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या जबाबावरून, दूरध्वनी संदेश कुटुंबातील सज्ञान व्यक्तीने स्वीकारल्याचे सिद्ध होते. सबब संदेश कर्मचाऱ्यास मिळाला असे समजण्यात येते. अर्ज नामंजूर.'

समुपदेशनाच्या दिवशी सेनगावच्या निता कापसे याही गैरहजर होत्या. त्यांनी 'मला निरोप मिळाला नाही' एवढी एक ओळ लिहून दिली होती. हिंगोलीची जागा त्यांना मिळाली.