चौकटीतला कोरा कागद

इतवारीतल्या देवराव गजभियेंच्या माडीवर माणसं यायची ती जिन्यातच अर्धी होऊन. वर पोचली की खुर्चीला धरून दम खायची आणि मग हळू आवाजात आपलं गाऱ्हाणं सांगायची. तुळसाबाई तशा आल्या नाहीत. जिना चढून त्या थेट टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि कोपऱ्यात टोस्ट खात बसलेल्या अनंतरावांना म्हणाल्या, "खाणं झालं असंल तर लिहून घ्या. चोरी झाली."

देवराव कोर्टात बेलिफ होते. निवृत्त झाल्यावर लोकांचं हरवलेलं शोधून द्यायचा धंदा त्यांनी उघडला. अनंतराव त्यांचे साळे. कामात मंद, खाण्यात चपळ. वही मात्र नेटाने लिहायचे.

"काय गेलं?" देवरावांनी विचारलं.

"माझ्या नातीच्या जन्माचा कागद."

अनंतरावांना वाटलं, सोन्याची पोत तरी गेली असेल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तुळसाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ती पुन्हा उचलली.

त्या कागदाची गोष्ट तुळसाबाईंनी बसून सांगितली. तीस वर्षं विड्या वळून त्यांनी मुलगा शिकवला. रविंद्र आता रेल्वेत होता. पण त्याचा वाढदिवस कोणता, हे त्याच्या मायलाही ठाऊक नव्हतं. शाळेत घालताना गुरुजींनी एक जुलै लिहून टाकली. रविंद्रची एक जुलै, शेजारच्या कांताबाईच्या दोन्ही पोरांची एक जुलै. इंदोरा वस्तीतली त्या वर्षीची सारी पोरं कागदावर एकाच दिवशी जन्मली होती, जणू कोणी टोपलीत भरून आणली. तुळसाबाईंची नात जया मात्र दवाखान्यात जन्मली होती आणि तिचा कागद होता, सहीशिक्क्याचा, इंग्रजीत. पाच वर्षं तो तुळसाबाईंच्या पेटीत कुलपात होता. किल्ली त्यांच्या कमरेला.

येत्या सोमवारी, चौदा ऑक्टोबरला, जयाला पाचवं वर्ष पूर्ण होत होतं. वस्तीतला केक कापून होणारा हा पहिला वाढदिवस. तुळसाबाईंनी कागदाला चौकट करवली, भिंतीवर लावली, वर निळं फडकं झाकलं. शाळेच्या मोठ्या बाई यमुताई येऊन ते फडकं बाजूला करणार होत्या आणि तारीख साऱ्यांसमोर मोठ्यानं वाचणार होत्या. साठ माणसांना आवतण गेलं होतं.

"आज सकाळी काच पुसायले फडकं उचललं," तुळसाबाई म्हणाल्या, "तर आत कोरा कागद. पांढराफटक. चौकट तशीच, काच तशीच. पोलिसात जाईन तर हसतील. तुम्ही हसू नका, उठा."

देवराव उठले.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी निळ्या फडक्याखाली ती चौकट. देवरावांनी ती भिंतीवरून उतरवली, दोन्ही हातांनी तोलली, मागून पाहिली. मागे ठोकलेल्या चार चुकांपैकी, म्हणजे बारीक खिळ्यांपैकी, दोन वाकड्या होत्या. एकीच्या डोक्याला पांढरं काही वाळून चिकटलं होतं. त्यांनी ते नखानं खरवडलं, बोटांत चुरलं आणि पुठ्ठ्यावर टिचकी मारली. मग चौकट होती तिथे लावून फडकं झाकलं.

"घरी कोण होतं?"

रविंद्र ड्युटीवर बल्लारशाला होता, उद्या यायचा होता. गुरुवारी संध्याकाळी चौकटवाल्या नत्थूजींनी चौकट आणून लावली. शुक्रवारी ते दोरी घट्ट करायला पुन्हा आले. शुक्रवारीच कांताबाई चाळणी मागायला आली आणि पुढच्या खोलीत एकटीच बसली होती, कारण तुळसाबाई तेव्हा आवतणं करत फिरत होत्या. आणि घरात सून शामला होतीच.

"कांताबाईच आहे ती," तुळसाबाई म्हणाल्या. "तिच्या नातवाचा वाढदिवस कधी झाला काय? तिचं पोट दुखून राहिलं."

नत्थूजींना त्यांच्या दुकानातून बोलावून आणलं. चष्मा कपाळावर, थैलीत हातोडी आणि पक्कड. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि थोडा रागही आला होता. आपण एकच पुठ्ठा घातला, चार चुका हातोडीनं सपाट बसवल्या, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

"कागद वाचला होता?" देवरावांनी विचारलं.

"मले इंग्रजी कुठून येते गा? सरळ कोणती बाजू, ते शिक्का पाहून लावलं."

कांताबाई आली ती पदर खोचूनच. "मी कागद नेऊन काय चुलीत घालू?" ती म्हणाली. "अन् त्या पोरीच्या जन्माले मीच धावली होती, हे नाही सांगितलं काय हिनं? शामलाले कळा सुरू झाल्या अन् रिक्षा भेटेना. सारे रस्ते दीक्षाभूमीच्या गर्दीनं भरलेले, बाहेरगावची माणसं ट्रकानं येऊन राहिली होती. मी अन् ही, दोघींनी तिले धरून चालवत नेलं. संध्याकाळी पोरगी झाली. नर्सबाईनं तिच्या मुठीत आपट्याचं पान ठेवलं, म्हणे सोनं घेऊन आली."

"हे खरं?" देवरावांनी तुळसाबाईंना विचारलं.

"अक्षर न् अक्षर," तुळसाबाई म्हणाल्या. कांताबाईचं काही खरं आहे असं म्हणायला त्यांना जड गेलं. "दीक्षेच्या दिवशी जन्मली माझी नात. चौदा ऑक्टोबर. त्या दिवशी मी सासऱ्यासंगं तिथं उभी होती, छप्पन साली. म्हणून तर एवढा थाट."

देवरावांनी मान हलवली. अनंतरावांनी वहीत 'कांताबाई' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग शामला. चोवीस-पंचवीस वर्षांची, हळू बोलणारी. तिनं मान वर केली नाही. मी स्वयंपाकात होते, मला काही माहीत नाही, एवढंच तिच्याकडून निघालं. तेवढ्यात जया बाहेरून पळत आली आणि पाहुण्यांची बोटं धरून मोजू लागली, "वन, टू, थ्री." पुढे टेनपर्यंत गेली, ट्वेंटीपर्यंत गेली आणि पाटीवर आकडेसुद्धा काढून दाखवले.

"कोणी शिकवलं गा तुले?" अनंतरावांनी विचारलं.

"आईनं," जया म्हणाली. "आई माझ्या पुस्तकातून शिकते अन् मग मले शिकवते."

तुळसाबाईंनी पाहुण्यांना जेवायला बसवलं. घरी आलेला माणूस उपाशी गेला असता तर ती दुसरी चोरी झाली असती. तव्यावरची भाकर सराट्यानं उलटता उलटेना. त्यांनी सराटा उजेडात धरला. टोक वाकलेलं.

"पाहा," त्या अनंतरावांना म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वेळचा सराटा. आजकालच्या सुनांच्या हातात लोखंड बी टिकत नाही. काल बेकरीवाल्याले मी म्हटलं, केक सोमवारी चार वाजता पाहिजे, तर तो म्हणते, तुमची सून तर दुपारी विचारून गेली, पुढच्या रविवारी जमंल काय. आता सांगा. वाढदिवस सोमवारी अन् केक रविवारी. कामाचा कंटाळा, दुसरं काय."

देवराव जेवायचे थांबले. मग त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा शांतपणे संपवला.

"तुळसाबाई," ते म्हणाले, "संध्याकाळी पाच वाजता नत्थूजीले अन् कांताबाईले बोलवा. कागद मिळेल."

जाताना अनंतरावांनी कांताबाईचं घर नीट न्याहाळलं. देवराव म्हणाले, "अनंता, तू वहीत सारं लिहिलं अन् काहीच वाचलं नाही."

पाच वाजता सारे जमले. नत्थूजी दाराशी, कांताबाई मुद्दाम मधोमध, शामला आतल्या दाराला टेकून. तुळसाबाई चौकटीच्या खाली बसल्या, जणू ती राखतच आहेत.

"आधी नत्थूजी," देवराव म्हणाले. "चौकट उघडायची तर यांच्या थैलीत पक्कड आहे. यांच्या हातून चूक वाकडी निघाली नसती, अन् वाकडी परत बसली तर नसतीच नसती. चुका वाकवल्या त्या दुसऱ्या कशानं तरी. एका चुकेवर वाळलेलं पीठ होतं. ज्वारीचं. आज दुपारी भाकर उलटताना सराट्याचं टोक वाकलेलं तुळसाबाईंनीच आम्हाले दाखवलं."

शामला दारामागं सरकली.

"आता कांताबाई. हिले कागद न्यायचा असता तर नेला असता. दुष्मनी करणारा मागं बसून कोरा कागद मापानं लावत नाही, चुका परत ठोकत नाही. ज्यानं केलं त्याले घाई नव्हती, भीती होती. अन् त्याले कागद फाडायचा नव्हता. जून महिन्यात जयाले शाळेत घालायचं, तवा तोच कागद लागणार. म्हणून कागद घराबाहेर गेलाच नाही. नत्थूजी, पुठ्ठे किती घातले होते?"

"एक. म्हटलं ना मी."

"सकाळी चौकट हातात घेतली तर मागं पुठ्ठा फुगलेला. उघडा."

नत्थूजींनी पक्कड काढली. चार चुका निघाल्या. वरचा पुठ्ठा निघाला, त्याखाली दुसरा, वहीच्या पुठ्ठ्याचा. दोन्हींच्या मध्ये घडी न घातलेला, सहीशिक्क्याचा, पाच वर्षं पेटीत राहिलेला कागद.

तुळसाबाई उठल्या नाहीत. त्या सुनेकडे पाहत होत्या. "काहून वं?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू की कांताबाई पुढं वाकली.

"ते तिले विचारण्याआधी एक सांगतो," देवराव म्हणाले. "छप्पन साली दीक्षा झाली तो दसऱ्याचा दिवस होता, अन् तारीख होती चौदा ऑक्टोबर. दोन्ही गोष्टी आपल्या साऱ्यांच्या डोक्यात एका गाठीत बांधल्या गेल्या. पण दसरा तिथीनं येतो. यंदाच पाहा, चौदा तारीख परवा आली अन् दसरा अजून कितीतरी लांब आहे. जया झाली त्या दिवशी दीक्षाभूमीची गर्दी होती, बाहेरगावचे ट्रक होते, नर्सबाईनं सोनं वाटलं. म्हणजे तो दसरा होता. तुळसाबाई, तुम्ही दिवस बरोबर सांगितला. तारीख मात्र छप्पन सालची सांगितली. ती चूक घरात एकीलेच वाचता आली, अन् तिनं बेकरीत पुढचा रविवार विचारला."

त्यांनी कागद शामलाच्या हातात दिला. "वाच."

शामलानं बोट ठेवून वाचलं, एकेक आकडा. "वीस. दहा. एकोणसत्तर." मग ती कागदाशीच बोलल्यासारखी बोलू लागली. शुक्रवारी सकाळी जयाला तिचा कागद दाखवावा म्हणून तिनं फडकं उचललं. जन्माच्या वेळी तिला स्वतःला शुद्ध नव्हती, घरात चौदा म्हणत म्हणून तीही चौदा म्हणत आली. आता यमुताई तो कागद साठ माणसांपुढं वाचणार होत्या. रविंद्र येईपर्यंत कसंही करून झाकावं, मग तो सांगेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही चुकल्या असं तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत या वस्तीत कोणाची हाय, आत्या?"

तुळसाबाईंना आधी ते ऐकून बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. कांताबाईच्या तोंडावर काहीतरी येऊन थांबलं होतं. ते बाहेर पडण्याआधी तुळसाबाई उठल्या.

"कांता," त्या म्हणाल्या, "साठ घरी आवतण मी देऊन आली, आता साठ घरी मीच सांगून येतो. तुळसा चुकली म्हणून सांगीन. तुले सांगायची तसदी नको." मग शामलाकडे वळून, "चौदा तारीख साऱ्या समाजाची हाय. त्या दिवशी सारे दीक्षाभूमीवर जाऊ. वीस माझ्या नातीची एकटीची. तुझ्या बेकरीवाल्याले सांग, रविवारी चार वाजता. अन् तो सराटा लोहाराकडून सरळ करून आण."

तुळसाबाईंनी फी विचारली तेव्हा देवरावांनी काहीच घेतलं नाही. केकचा तुकडा पुरे म्हणाले. अनंतराव म्हणाले, दोन.

सहा दिवस रोज दुपारी तुळसाबाई ओट्यावर कोळशानं दोन काढत आणि शून्य काढत. त्यांचं दोन पुन्हा पुन्हा उलटं होई. शामला सरळ करून देई आणि त्या बडबडत पुन्हा काढत.

रविवारी चार वाजता ओटा, गल्ली आणि समोरचं छप्परसुद्धा माणसांनी भरलं. केक आला, जया नव्या झग्यात ताठ उभी राहिली. यमुताई चौकटीपाशी गेल्या आणि त्यांनी निळं फडकं बाजूला केलं. वाचायला तोंड उघडलं तशा तुळसाबाई पुढं आल्या.

"बाई, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. काचेवर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं. "वीस. दहा. एकोणसत्तर. जया रविंद्र." नाव वाचता येत नव्हतं, ते पाठ होतं. पण वीस त्यांनी वाचलं होतं, आणि शामलाला ते दिसलं.

केक वाटून झाल्यावर गर्दी पांगली. कांताबाई मागं रेंगाळली. पदराच्या गाठीतून तिनं चार घड्या घातलेला एक मळकट कागद काढला. तिच्या नातवाचा. तोही दवाखान्यातच झाला होता, पण आजवर कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

तुळसाबाईंनी तो उलगडून शामलासमोर धरला. शामलानं तारीख वाचली. कांताबाईनं ती पुटपुटत तीनदा म्हटली आणि विचारलं, नत्थूजी चौकटीचे काय घेतात.

"विचार त्यायले," तुळसाबाई म्हणाल्या. "पण सांगून ठेव, चौकट माझ्या नातीच्याहून एक बोट लहान पाहिजे."