एक कंट्रोलर, दोन हात

मालेगावच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात एक तरुण बसला होता. डाव्या हातानं बुटाची नाडी बांधायची खटपट चालली होती; उजवा हात मांडीवर नुसताच ठेवलेला.

"बांधून देऊ?" नीलिमानं थांबून विचारलं.

"नोका. हारलो तं आवाज देतो."

थोड्या वेळानं नाडी तशीच बुटात कोंबून तो वर आला. फिजिओथेरपीच्या खोलीत तीच बसलेली पाहून ओशाळला.

त्याचं नाव धम्मपाल, गाव किन्हीराजा. सोयाबीन काढताना मळणीयंत्रात मनगट सापडलं होतं. नस शिवली, पण अंगठा हलेना.

"नस हळूहळू वाढते," नीलिमानं समजावलं. "ती पोचेपर्यंत स्नायू वाळू द्यायचा नाही. रोज मेहनत."

रबरी चेंडू दाबायला तो लवकरच कंटाळला. एके दिवशी त्यानं पिशवीतून गेमचं कन्सोल काढलं आणि खोलीतल्या टीव्हीला जोडलं.

"घोडे, बंदुका, मोकळं रान... जुनी अमेरिका हाये. कंट्रोलरची डावी बाजू मी धरतो, उजवी तुमी."

नीलिमानं क्षणभर विचार केला. "चालेल. पण तुमचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवायचा. मी बटन दाबलं की तुम्हीही जोर लावायचा."

मग एकच कंट्रोलर दोघांनी धरला. तो नेईल तिकडं पडद्यावरचा स्वार चाले. ती वळवील तिकडं त्याची नजर.

"मॅडम! त्याले राम राम करा म्हटलं, तुमी गोळीच घातली!"

"मले काय मालूम कोणतं बटन कायचं?" तिच्या गावचं, धनजचं बोलणं असं अचानक बाहेर पडे.

"पळा आता! पोलीस येऊन राह्यले... तिकडं नाही, नदीकडं पाहा!"

ती हसली. हसताना तिचा अंगठा त्याच्या अंगठ्याखाली हलला; दोघांनीही ते पाहिलं नाही, असं दाखवलं.

तो शिकवत राहिला. घोड्याला चारा, खरारा चुकवायचा नाही; एकदा मेला की तो पुन्हा मिळत नाही. खाली उतरताना बंदूक सोबत घ्यायची, नाहीतर ती खोगिरालाच राहते. "अन् घाई नोका करू. नवा मानूस कहाणीच्या मांगं धावते. रान पाहाचंच राहून जाते."

"तुम्हाला घाई नाही वाटतं?"

"मले?" त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "बिलकुल नाही."

उन्हं तापू लागली. अंगठ्याखालचा मांसल भाग तिला भरल्यासारखा वाटे, पण तपासायला घेतला की अंगठा ढिम्म. एका दुपारी झाडीतून अस्वल अचानक अंगावर आलं, आणि तिच्या अंगठ्यावर कचकन दाब पडला. स्पष्ट. जोरदार.

तिनं कंट्रोलर खाली ठेवला.

"कधीपासून?"

"...हरभरा काढला तवापासून."

"काहून लपवलं?"

"अंगठा हलला असता तं तुमी हात काढला असता."

ती बोलली ते अगदी सावकाश. "या दिवसांत खरी मेहनत झाली असती, धम्मपाल. नवी नस पोचल्यावरच स्नायूला शिकवायचं असतं. आता पकड कायमची कमी राहिली तर? विळा कसा धराल?"

त्याचा चेहरा उतरला. "मले हे मालूम नव्हतं."

"विचारलं असतं तर मालूम झालं असतं."

ती उठून शेजारच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तो कन्सोल पिशवीत भरत होता.

"उद्यापासून तुम्हाला शेजारच्या खोलीतल्या शीलाताई पाहतील. माझ्याहून कडक आहेत. एक दिवसही चुकवायचा नाही."

"म्हंजे... तुमी नाही?"

"मी नाही."

तो मान खाली घालून दारापर्यंत गेला.

"थांबा. पेशंटशी मी असलं काही बोलत नाही," नीलिमा म्हणाली. "आता तुम्ही माझे पेशंट नाही. काय विचारायचं ते विचारा."

इतके दिवस तिला प्रत्येक पावलाला सूचना देणारा धम्मपाल पिशवी खाली ठेवून परत आत आला.

"मायले घेऊन... धनजले येऊ?"

"या. बाबा खूप प्रश्न विचारतील. खरं सांगा."

त्यानं हात पुढे केला. उजवाच. तिनं तो धरला. बोटं वळली, अंगठा कापत कापत तिच्या हातावर टेकला. पकड कच्ची होती. तिच्या लक्षात आलंच. तिनं हात सोडवला नाही.